करवतीचे पाते का डगमगते?

तुमच्या घरी किंवा शाळेत भिंतीवर एखादी तसबीर टांगलेली असेलच. तिच्या लाकडी चौकटीचे कोपरे जवळ जाऊन नीट पाहा. दोन पट्ट्या जेथे भेटतात तेथे एक तिरपी रेषा दिसते. ही रेषा केसासारखी बारीक असेल तर चौकट करणाऱ्याचा हात चांगला होता आणि त्याची करवतही धड होती असे समजावे. रेषेच्या जागी फट दिसत असेल, किंवा फटीत लांबी भरून वरून रंग फासला असेल, तर मात्र दोष कारागिराच्या हाताचाच आहे असे लगेच म्हणू नका. पुष्कळदा तो करवतीच्या पात्यात असतो. आणि त्याहूनही अधिक वेळा पाते ज्यावर बसते त्या भागांत असतो.

चौकटीचा कोपरा ९० अंशांचा. म्हणून तेथे येणाऱ्या प्रत्येक पट्टीचे टोक ४५ अंशांत कापावे लागते. या सांध्याला मायटर सांधा म्हणतात. चार कोपऱ्यांचे मिळून आठ काप होतात. समजा, प्रत्येक कापात केवळ पाव अंशाची चूक झाली, आणि तीही दर वेळी एकाच बाजूला. मग प्रत्येक कोपऱ्यात अर्धा अंश आणि चारी कोपऱ्यांत मिळून दोन अंश कमी पडतील. पहिले तीन कोपरे घट्ट जुळवून चिकटवले तर चौथा कोपरा दोन अंशांनी उघडा राहील. पट्टी ४ सेंमी. रुंद असेल तर तिरप्या कापाची लांबी सुमारे ५.६ सेंमी. भरते, आणि तेवढ्या लांबीवर दोन अंशांची फट एका टोकाला जवळजवळ २ मिमी. होते. पाव अंश डोळ्याला दिसत नाही. दोन मिलिमीटर मात्र गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारातूनच दिसतात!

यंत्र कसे असते?

असे काप भराभर व सारखे घेण्यासाठी चौकटी बनविणारे, सुतार आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारे कारागीर विजेवर चालणारी मायटर करवत वापरतात. तिची रचना साधी असते. खाली एक पाट आणि त्यावर फिरणारी अंशांची तबकडी. मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेला एक दांडा, आणि त्या दांड्यावर मोटार व गोल पाते. कारागीर पट्टी पाटावर घट्ट धरतो, तबकडी हव्या त्या अंशावर आणतो आणि मूठ धरून पाते खाली आणतो.

आपण उदाहरणासाठी २५५ मिमी. व्यासाचे पाते घेऊ. असे पाते मिनिटाला सुमारे ४,५०० ते ५,००० फेरे करते. ४,६०० फेरे धरले तर पात्याच्या कडेवरचा प्रत्येक दात सेकंदाला सुमारे ६१ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २२० किलोमीटर वेगाने धावत असतो. हे गणित तुम्हीच करून पाहा: परीघ काढा, त्याला फेऱ्यांनी गुणा आणि ६० ने भागा. पात्याची चकती पोलादाची असते आणि तिच्या दातांवर कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे लहान तुकडे डाख देऊन बसवलेले असतात.

पाते थेट मोटारीला जोडलेले नसते. एका आसावर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत शाफ्टवर, आधी आतला फ्लँज बसतो. फ्लँज म्हणजे जाड, सपाट पोलादी कडे. त्याला टेकून पाते, पात्यावर बाहेरचा फ्लँज, आणि शेवटी हे सगळे आवळणारा बोल्ट. शाफ्ट स्वतः छर्ऱ्यांच्या बेअरिंगमध्ये फिरतो. पुष्कळ यंत्रांत या बोल्टला उलटे आटे असतात, कारण पाते ज्या दिशेने फिरते त्या दिशेने साधा बोल्ट सैल होण्याची भीती असते. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे का असतात, याचेही कारण याच जातीचे आहे.

डगमग आणि उसळी

तुमच्यापैकी अनेकांनी सायकलच्या दुकानात चाकाचा ‘आऊट’ काढताना पाहिले असेल. कारागीर चाक फिरवतो, रिमजवळ बोट किंवा खडू धरतो आणि चाक कोठे बाजूला घासते ते पाहतो. करवतीच्या पात्याचा आऊट हाही तसाच प्रकार आहे. पण येथे दोन वेगळ्या हालचाली ओळखल्या पाहिजेत.

पाते फिरताना त्याची कड डावी-उजवीकडे जात असेल तर ती डगमग होय. कड डावी-उजवीकडे न जाता वर-खाली, म्हणजे केंद्रापासून कमी-अधिक अंतरावर फिरत असेल, तर तिला आपण उसळी म्हणू. पात्याचे भोक शाफ्टपेक्षा मोठे असले, किंवा मोठे भोक लहान करण्यासाठी घातलेले कडे झिजलेले असले, की पाते मध्यावर बसत नाही आणि उसळी येते. उसळीमुळे एका बाजूचे दातच लाकूड खातात व लवकर बोथट होतात. डगमगीचे दुष्परिणाम मात्र अधिक आहेत. या लेखात आपण मुख्यतः डगमगीचाच विचार करणार आहोत.

पात्याची चकती १.८ मिमी. आणि दातांची रुंदी २.६ मिमी. आहे असे धरा. दात चकतीपेक्षा रुंद असतात, म्हणूनच चकती चिरेत घासत नाही. पाते सरळ फिरले तर चीर दाताइतकीच, म्हणजे २.६ मिमी. रुंद पडेल. पण कड एकूण ०.४ मिमी. डगमगत असेल तर चीर ३ मिमी. रुंद होईल. म्हणजेच व्हर्नियर घेऊन दाताची रुंदी आणि चिरेची रुंदी मोजली की दोहोंतला फरक ही डगमगच होय! शिवाय साठ किंवा ऐंशी दातांपैकी जे थोडे दात सर्वांत बाहेर जातात तेच चिरेच्या भिंती कापतात. बाकीचे नुसते मध्यातून फिरून येतात. त्यामुळे भिंतीवर ओरखडे उठतात, त्या मोजक्या दातांवर सगळा भार येतो, आणि त्यांपैकी एखादा निसटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. डगमगणारे पाते हा केवळ कापाच्या सुबकतेचा प्रश्न नाही. तो डोळ्यांचा आणि बोटांचाही प्रश्न आहे.

थोडक्या चुकीची मोठी डगमग

डगमगीचे मूळ बहुधा पात्याच्या मध्याशी असते आणि ते फार लहान असते. फ्लँजचा व्यास ६० मिमी. आहे. त्याच्या एका कडेला पात्याखाली भुश्श्याचा ०.०५ मिमी. जाडीचा थर अडकला असे समजा. ६० मिमी. अंतरात ०.०५ मिमी. तिरपेपणा आला, तर २५५ मिमी. अंतरात किती येईल? त्रैराशिक मांडा: ०.०५ × २५५ ÷ ६० = ०.२१ मिमी. म्हणजे चूक चौपटीहून अधिक वाढली. शाळेचे फाटक बिजागरीपाशी थोडे हलते पण दुसऱ्या टोकाला हातभर हलते, तसेच हे आहे. म्हणून डगमग दिसली की आधी कडेकडे नव्हे, मध्याकडे पाहावे.

हे घरी पडताळून पाहता येईल. सुमारे ४ सेंमी. व्यासाचे सपाट झाकण टेबलावर पालथे ठेवा. त्यावर मध्यावर एक निकामी सीडी, किंवा १२ सेंमी. व्यासाची जाड पुठ्ठ्याची चकती ठेवा. आता झाकणाच्या अगदी कडेवर, चकतीखाली, एक आगकाडी आडवी सरकवा. आगकाडी सुमारे २ मिमी. जाड असते. चकतीच्या उंच व सखल कडांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा. फरक सुमारे ६ मिमी. येईल, कारण १२ ही संख्या ४ च्या तिप्पट आहे.

दोषी कोण?

आता खऱ्या कामाकडे वळू. एका चौकटीच्या दुकानातील पाच-सहा वर्षे वापरलेली करवत डगमगू लागली आहे असे समजा. मालकाला कोणी सांगते, “पाते बदला.” दुसरा सांगतो, “बेअरिंग गेले.” तिसरा म्हणतो, “यंत्रच भंगारात द्या.” तिघांपैकी कोण खरे, हे अंदाजाने ठरवले तर चांगली वस्तू फेकली जाईल आणि दोष तसाच राहील. लहान कारागिराला हा खर्च परवडत नाही. म्हणून मोजून ठरवायचे.

पण त्याआधी एक कडक नियम. तपासणी सुरू करण्यापूर्वी यंत्राची पिन भिंतीतून उपसून आपल्या डोळ्यांसमोर ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. पाते हाताळताना जाड हातमोजे घालावेत. यंत्र चालू असताना मात्र हातमोजे कधीही घालू नयेत, कारण ते पात्यात अडकून हात ओढला जातो. विद्यार्थ्यांनी हे काम केवळ कार्यशाळेच्या शिक्षकांच्या किंवा जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली पाहावे. एकट्याने यंत्र उघडू नये.

पहिली परीक्षा हाताची. पात्याची कड धरून ती डावी-उजवीकडे हळू हलवून पाहावी. मोटारीसकट सगळा दांडाच हलत असेल तर बिजागरी सैल आहे. दांडा स्थिर राहून पाते व शाफ्ट ‘टक्’ असा आवाज करीत हलत असतील तर बेअरिंग झिजले आहे. काहीच हलत नसेल, तर दोष सैलपणाचा नसून आकाराचा आहे: काहीतरी वाकडे आहे किंवा वाकडे बसले आहे.

हा फरक फार महत्त्वाचा. सैलपणाचा दोष दर फेऱ्याला वेगळा दिसतो, तर आकाराचा दोष प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी, तेवढाच येतो. डॉक्टर ज्याप्रमाणे ताप रोज ठराविक वेळी येतो की केव्हाही, हे आधी विचारतात, त्याप्रमाणेच आपणही यंत्राला हा प्रश्न आधी विचारावा.

दुसरी परीक्षा डायल गेजची. या उपकरणात एक बारीक दांडी असते. ती १ मिमी. आत गेली की तबकडीवरचा काटा एक पूर्ण फेरा करतो. तबकडीवर १०० भाग असतात, म्हणून एक भाग म्हणजे ०.०१ मिमी. गेज बहुधा लोहचुंबकाच्या बैठकीवर बसवलेले असते. मायटर करवतीचा पाट पुष्कळदा अॅल्युमिनियमचा असल्याने चुंबक त्याला चिकटत नाही. अशा वेळी पाटावर एक लोखंडी पट्टी शिकंज्याने आवळून तीवर गेज बसवावे. गेजची दांडी दातांच्या थोडी आत, केंद्रापासून ११५ मिमी. अंतरावर पात्याला टेकवावी आणि बाजूने दाब न देता पाते हाताने हळूहळू फिरवावे. डायल गेज नसेल तर लाकडी ठोकळ्यावर एक स्क्रू बसवून त्याचे टोक पात्याजवळ आणावे आणि मधली फट फिलर गेजच्या पानांनी मोजावी. वेळ जास्त लागेल, पण उत्तर मिळेल.

दोन समीकरणांची युक्ती

शाफ्टवर खडूने एक खूण करा. तिच्यासमोर पात्यावरही एक खूण करा. आता शाफ्टची खूण वर असताना, मग पाव, अर्ध्या व पाऊण फेऱ्यानंतर अशी चार वाचने घ्या. तबकडी फिरवून शून्य असे लावा की अधिक व उणे बाजूंची मोठी वाचने सारखी येतील. आपल्या उदाहरणात ही वाचने, शंभरांश मिलिमीटरमध्ये, अशी आली:

पहिली मांडणी: +२०, +३, −२०, −३.

एकूण डगमग ४० भाग, म्हणजे ०.४० मिमी. पण यात पात्याचा वाटा किती आणि फ्लँज व शाफ्ट यांचा किती? एका मापावरून हे कळणार नाही. एका समीकरणातून दोन अज्ञात संख्या निघत नाहीत, हे तुम्ही बीजगणितात शिकलाच आहात. दुसरे समीकरण हवे. ते मिळवण्यासाठी बोल्ट सैल करून फक्त पाते शाफ्टवर अर्धा फेरा फिरवावे, म्हणजे दोन खुणा एकमेकींच्या विरुद्ध येतील. बोल्ट पुन्हा तितकाच आवळून शाफ्टच्या त्याच चार स्थितींत वाचने घ्यावीत:

दुसरी मांडणी: +१२, −१, −१२, +१.

आता पहिल्या स्थितीचा विचार करा. शाफ्ट व फ्लँज यांची चूक ‘श’ आणि पात्याची चूक ‘प’ मानू. पहिल्या मांडणीत दोन्ही एकत्र आल्या: श + प = २०. पाते उलटे फिरवल्यावर त्याची चूक उलट झाली: श − प = १२. दोन्ही समीकरणे मिळवली तर २श = ३२, म्हणून श = १६ आणि प = ४. दुसऱ्या स्थितीतही याच रीतीने श = १ आणि प = २ येते. म्हणजे ०.४० मिमी. डगमगीत जवळजवळ सगळा वाटा फ्लँज व शाफ्ट यांचा आहे. पात्याचा वाटा एकूण ०.०८ मिमी. इतकाच. नवे पाते विकत आणले असते तर पैसे गेले असते आणि डगमग तशीच राहिली असती!

शाफ्टच्या बाजूच्या चुकीचे मूळ किती मोठे असेल? मापाच्या जागी, म्हणजे २३० मिमी. व्यासावर, ती एकूण ०.३२ मिमी. आहे. ६० मिमी. च्या फ्लँजवर ती ०.३२ × ६० ÷ २३०, म्हणजे सुमारे ०.०८ मिमी. भरते. माणसाच्या केसाची जाडीही साधारण इतकीच असते. तेव्हा शोधायची गोष्ट केसाएवढी आहे हे आपल्याला पाते न काढताच कळले.

येथे शिक्षकांसाठी एक सूचना. पाते खोगिरासारखे वाकले असेल तर एका फेऱ्यात दोन उंच व दोन सखल जागा येतात. असे पाते अर्धा फेरा फिरवले तरी वाचने बदलत नाहीत आणि दोष चुकून शाफ्टवर जातो. पण तिरप्या बसलेल्या फ्लँजमुळे एका फेऱ्यात एकच उंच जागा येते. म्हणून दोन उंच जागा दिसल्या तर पाते अर्ध्याऐवजी पाव फेरा फिरवून पाहावे. तसेच पाते वाटीसारखे खोल झाले असेल तर गेज काहीच दाखवणार नाही. ते सपाट पोलादी पट्टी पात्यावर आडवी धरून उजेडाकडे पाहिल्यास कळते.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती नेहमी स्वस्त व सोप्या गोष्टीपासून सुरू करावी आणि प्रत्येक पायरीनंतर पुन्हा मोजावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

पहिली पायरी स्वच्छतेची. पाते व दोन्ही फ्लँज काढून त्यांवरचा राळेचा व भुश्श्याचा थर रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने काढावा. त्यानंतर ते कोरडे पुसून घ्यावेत. फ्लँजच्या कडेवरून नखाचे टोक फिरवावे. पाते कधी सैल राहून घसरले असेल तर फ्लँजवर धातूचा बारीक कंगोरा, म्हणजे बर, उठलेला असतो. आपल्या उदाहरणातला केसाएवढा दोष बहुधा हाच असणार. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर फ्लँज सपाट ठेवून गोल गोल घासला की बर निघून जातो. कानसीने घासू नये. हाताची कानस एक चूक काढते आणि दुसरी घालते.

दोन्ही फ्लँज एकाच व्यासाचे आहेत ना, हेही पाहावे. एक मोठा व एक लहान असेल तर आवळताना पाते वाकते. बोल्ट आवळण्यासाठी पान्याला नळी लावून जोर करू नये. अति आवळण्याने फ्लँज वाकतो आणि आपणच नवा दोष तयार करतो.

आपल्या उदाहरणात बर काढल्यावर फ्लँजची चूक ±१ भाग व पात्याची ±४ भाग उरली असे समजा. दोन्ही एकाच दिशेने आल्या तर एकूण डगमग ०.१० मिमी. पण पाते अर्धा फेरा फिरवून बसवले तर चुका एकमेकींना खातील आणि एकूण डगमग ०.०६ मिमी. च राहील. अशी जागा सापडली की शाफ्टवर व पात्यावर रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी ठिपक्यासमोर ठिपका आणून पाते बसवता येईल.

फ्लँज साफ करूनही दोष शाफ्टच्याच खुणेपाशी राहिला तर पाते काढून गेज थेट शाफ्टच्या गोल अंगावर टेकवावे. तेथेही काटा हलला तर शाफ्ट वाकला आहे. तो ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. ठोकलेल्या पोलादात बारीक भेग पडू शकते, आणि सेकंदाला सत्तरहून अधिक फेरे करणाऱ्या शाफ्टमध्ये भेग वाढायला वेळ लागत नाही. नवा शाफ्ट घालणे हाच उपाय.

बेअरिंग झिजले असेल तर तेही बदलावे लागते. बेअरिंगच्या कड्यावर आकडा कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ६२०३ यातील शेवटचे ०३ भोकाचा व्यास १७ मिमी. असल्याचे सांगतात. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ मिमी.; आणि ०४ पासून पुढे आकड्याला ५ ने गुणायचे. नवे बेअरिंग शाफ्टवर दाबताना जोर फक्त आतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकले तर तो जोर छर्ऱ्यांमधून आत जातो. छर्रा आणि कडे यांचा स्पर्श टिंबाएवढ्या जागेत होत असल्याने तेथे दाब प्रचंड होतो, कड्यात खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरू लागते.

बिजागरी सैल असेल तर तिचा नट इतकाच आवळावा की दांडा अडखळता कामा नये, पण बाजूलाही हलता कामा नये. आतला बुश झिजला असेल तर आवळण्याने भागणार नाही, तो नवाच घालावा. पाव अंशाची जी चूक आपण सुरुवातीला धरली ती बहुधा येथूनच येते, कारण सैल दांड्यावरचे पाते दर वेळी थोड्या वेगळ्या जागी उतरते.

थंड असताना शहाणे, गरम झाल्यावर वेडे

कधीकधी सगळी मापे उत्तम येतात, पण वीस-पंचवीस काप झाले की पाते थरथरू लागते. येथे गेज दोष दाखवत नाही, कारण मोजताना पाते थंड असते. बोथट दातांचे घर्षण वाढले की पात्याची कड तापते, मध्य मात्र तितका तापत नाही. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअस तापला की सुमारे ०.०१२ मिमी. वाढतो. कड मध्यापेक्षा ५० अंशांनी अधिक तापली तर ८०० मिमी. परिघाला जवळजवळ अर्धा मिलिमीटर अधिक लांबी हवी असते. ती मिळायला जागा नसते, मग कड लाटांसारखी वळते. परकराच्या कडेला जास्त कापड लावले की झालर पडते, अगदी तशीच!

पाते बनविणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून ते पात्याच्या कडेपासून आत काही बारीक चिरा पाडतात आणि पुष्कळ पात्यांत चिरेच्या टोकाला गोल छिद्र ठेवतात. वाढलेली लांबी त्या चिरांत सामावते, आणि गोल छिद्रामुळे चीर पुढे फाटत नाही. या दोषावर उपाय म्हणजे दातांना धार लावून घेणे, राळ काढणे आणि पाते लाकडात जोराने न दाबणे.

दुरुस्तीनंतर पात्याचे संरक्षक झाकण आपोआप खाली येते ना हे आधी पाहावे. मग डोळ्यांवर चष्मा लावून, पात्याच्या सरळ रेषेत कोणीही उभे नाही याची खात्री करून, यंत्र काही न कापता मिनिटभर चालवावे. त्यानंतर एका लाकडात अर्धवट चीर घेऊन व्हर्नियरने ती मोजावी. आपल्या उदाहरणात ती आता सुमारे २.७ मिमी. भरली पाहिजे.

उलटून मोजा!

करवत नेहमी हाताशी असेलच असे नाही. पण चूक उलटवून ती पकडण्याची युक्ती तुमच्या कंपासपेटीतही चालते. तुमचा गुण्या खरोखर काटकोनात आहे का? कागदावर एक सरळ रेषा काढा. तीवर गुण्याची एक बाजू टेकवून एका बिंदूतून लंब काढा. आता गुण्या पालथा करा आणि त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढा. दोन्ही लंब एकावर एक आले तर गुण्या खरा. त्यांच्यात फट पडली तर ती गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असते. का, ते तुम्ही आता दोन ओळींत सांगू शकाल. गवंडी पाणसळ उलटीसुलटी ठेवून पाहतो आणि दुकानदार पारड्यांतल्या वस्तू अदलाबदल करून तराजू तपासतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. या दोन्ही परीक्षांची समीकरणे मांडून पाहा, आणि वर्गातील सगळ्यांचे गुण्ये एकदा तपासून कोणाचा सर्वांत खरा निघतो ते शोधा.